तासातलं तण

जुलैत चार-सहा दिवस उघाड पडली की फुलसावंगीच्या काळ्या शिवारात निंदणाला बाया दिसू लागतात. साडीवर घरच्या माणसाचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, हातात खुरपं. प्रत्येकीने आपली पात धरायची, म्हणजे कपाशीचे दोन-तीन तास, आणि उकिडवं बसून पुढं सरकायचं. तासांच्या मधलं तण डवऱ्याने निघालेलं असतं. डवरा जिथं पोचत नाही तिथलं, रोपाला खेटून उगवलेलं, तेवढं यांच्या वाट्याला येतं.

डावा हात रोपाचं खोड धरून असतो आणि उजव्या हातातलं खुरपं त्याच्या बुडाशी तिरपं शिरतं. लव्हाळा नुसता ओढला तर वरचा झुबका हातात येतो, गाठ मातीतच राहते आणि आठवड्यात पुन्हा कोंब काढते. म्हणून खालून खणायचं. केन्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, वर जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं.

"इथं नको टाकू वं, धुऱ्यावर फेक. पाणी आलं की जित्ता होते," पुढच्या पातीवरची मागचीला सांगते.

कोवळा कुंजरू आणि तरोटा मात्र धुऱ्यावर जात नाही, ओटीत जातो. संध्याकाळची भाजी त्यातच निघते.

कपाशीची विरळणी पाहायला मिळेल असं वाटलं होतं, ती जवळपास गेलीच आहे. पूर्वी सरकी दाट पडायची, मग जोमदार रोप ठेवून बाकीची उपटायची. 2002 नंतर बीटी आलं. बीजी-टू बीटी बियाण्याच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत 2024 च्या हंगामात 864 रुपये होती. त्या भावाचं बियाणं मोजून टोबतात. जास्तीचं रोप उगवतच नाही, उलट नांगे भरत फिरावं लागतं.

सोयाबीनमध्ये निंदणाची जागा बरीचशी फवाऱ्याने घेतली. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत, तण दोन-चार पानांचं असताना, इमॅझेथापायर हे तणनाशक मारतात. तण जळतं, सोयाबीन उभं राहतं. मला यात खंत करण्यासारखं फारसं वाटत नाही. दिवसभर उकिडवं बसून ज्यांच्या कमरेचा काटा ढिला होतो त्यांना तर नाहीच. फक्त त्यांची मजुरीही त्याच पंपाबरोबर जाते, आणि औषधाला कुंजरू ओळखता येत नाही. वाऱ्यावर ते शेजारच्या कपाशीवर गेलं तर तीही करपते.

बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये अजून डोळ्यांशिवाय भागत नाही. तिथं निंदण झाल्यावर भेसळ काढायची असते, आणि ती तण नसतेच. तेही सोयाबीनच, निरोगी, कधी शेजाऱ्यापेक्षा डेरेदार. जेएस-335 या वाणाला जांभळी फुलं येतात. त्यात पांढऱ्या फुलाचं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं, मग त्याला कितीही शेंगा लागणार असोत. नवख्या मजुराचा हात इथं हमखास अडखळतो. फुलं गळाल्यावर ही खूण राहत नाही, म्हणून शेंगा भरल्या की दुसरी फेरी घालतात. जेएस-335 ची शेंग गुळगुळीत असते. बोटांना लव लागली की ते झाड बाहेर.