कलप लावण्यापूर्वी

आपल्या घरांत केस काळे करणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. पेढीवर बसणारा गृहस्थ, लग्नकार्यात पुढे असणारी गृहिणी, नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, सारेच महिन्या-दीड महिन्याने कलप लावतात. दाढी करावी इतक्या सहजतेने हे काम उरकले जाते. मीही बावीस वर्षे ते तसेच उरकले. त्याची किंमत मला ज्या दिवशी मोजावी लागली, तो दिवस माझ्या पुतणीच्या विवाहाचा होता.

विवाह रविवारी होता. शुक्रवारी रात्री मी नेहमीचाच कलप नेहमीप्रमाणे लावला. शनिवारी सकाळी कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू चुरचुरू लागली. उन्हाळ्याचे दिवस, घामोळे असेल, अशी मी समजूत करून घेतली. रात्री कपाळाला सूज आली. रविवारी पहाटे जागा झालो तेव्हा डावा डोळा उघडेना, उजवा जेमतेम किलकिला होत होता. केसांच्या मुळांतून चिकट पाणी पाझरत होते. अक्षता पडल्या तेव्हा मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडलो होतो. मंगलाष्टके ऐकली, मुलीला पाहिले नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यापूर्वी कधी खाज सुटत होती का?" आठवून पाहिले तर उत्तर होकारार्थी होते. आधीच्या तीन वेळांना कलप लावल्यावर कानांमागे दोन दिवस खाज येत असे. बँकेत मी इतकी वर्षे थकीत कर्जांची खाती तपासली. खाते बुडण्यापूर्वी ते तीन-चार वेळा सूचना देते, हे मला चांगले ठाऊक होते. स्वतःच्या शरीराने दिलेल्या सूचना मात्र मी वाचल्या नाहीत. वाचकांपैकी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून पुढील माहिती देत आहे.

कलपात असते तरी काय?

टिकाऊ कलपाच्या खोक्यात बहुधा दोन नळ्या किंवा बाटल्या असतात. एकीत रंगद्रव्ये आणि अमोनियासारखा क्षार असतो, तर दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड. क्षारामुळे केसांवरील सूक्ष्म खवले उघडतात. रंगद्रव्याचे बारीक कण आत शिरतात, पेरॉक्साइडशी संयोग होऊन मोठे होतात आणि आतच अडकून बसतात. म्हणूनच हा रंग धुतल्याने जात नाही.

काळ्या आणि गडद तपकिरी कलपातील प्रमुख रंगद्रव्य म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाइन, ज्याला संक्षेपाने पीपीडी म्हणतात. बहुतेक गंभीर तक्रारींच्या मुळाशी हेच द्रव्य असते. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञ संस्थेने 2006 साली 'वर्षातील ॲलर्जीकारक पदार्थ' म्हणून याचीच निवड केली होती. युरोपीय संघात डोक्यावर लावतेवेळी मिश्रणातील त्याचे प्रमाण 2 टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम आहे. आपल्या देशातही अशा कलपावर सावधगिरीची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी, आणि भुवया वा पापण्यांना हा कलप लावू नये, कारण त्यामुळे अंधत्व येऊ शकते, असा तिचा आशय असतो. ही सूचना बारीक अक्षरांत असते आणि आपण खोके फाडून टाकतो.

त्रासाचे दोन प्रकार

पहिला प्रकार दाहाचा. कलप डोक्यावर असतानाच आग होऊ लागते. अमोनिया व पेरॉक्साइड यांचा हा परिणाम असून ओरखडे असलेल्या किंवा कोंड्याने सोललेल्या त्वचेवर तो अधिक जाणवतो. कलप धुऊन टाकल्यावर हा त्रास सहसा लवकर ओसरतो.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. यात लावताना काहीच वाटत नाही. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी खाज, लाली, सूज व पाझर सुरू होतो. डोक्याची कातडी जाड असल्याने प्रथम कान, मान, कपाळ आणि पापण्या सुजतात. त्यामुळे अनेकांना कारण कलप आहे हेच उमगत नाही. "वीस वर्षे काही झाले नाही, आता कसे होईल?" हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. शरीर एखाद्या द्रव्याला बहुधा वारंवार संपर्कानंतर ओळखू लागते. एकदा ओळखले की ती ओळख बहुधा जन्मभर टिकते आणि पुढच्या प्रत्येक खेपेस त्रास वाढण्याची शक्यता असते.

लावण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

1. कलप लावण्याच्या 48 तास आधी चाचणी घ्यावी. खोक्यातील पत्रकानुसार थोडासा कलप कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही दिसल्यास तो वापरू नये. कलप नेहमीचाच असला तरी प्रत्येक वेळी चाचणी आवश्यक आहे.

2. ज्यांना पूर्वी सूज किंवा पाझर झाला आहे, त्यांनी घरी चाचणीही करू नये. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून 'पॅच टेस्ट' करतात, ती करून घ्यावी.

3. डोक्यावर जखम, ओरखडे, पुरळ असताना कलप लावू नये. डोके आदल्या दिवशी धुवावे. त्याच दिवशी खसाखसा चोळून धुतल्यास त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते.

4. कपाळाची कड, कान व मान यांवर व्हॅसलीनचा थर द्यावा. हातमोजे घालावेत. घरात सून किंवा पत्नी लावून देत असेल तर तिनेही घालावेत, कारण ही ॲलर्जी लावणाऱ्याच्या हातांनाही होते.

5. घड्याळ लावून बसावे. पत्रकातील वेळेपेक्षा दहा मिनिटे अधिक ठेवल्याने रंग अधिक टिकतो हा गैरसमज आहे. शक्यतो मुळांकडील पांढऱ्या भागापुरताच कलप लावावा आणि शेवटी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे.

6. मिशी व दाढीला डोक्याचा कलप लावणे टाळावे. चेहऱ्याची त्वचा अधिक नाजूक असते.

7. समारंभाच्या तोंडावर कलप लावू नये. माझी चूक हीच होती. चार-पाच दिवसांचे अंतर ठेवले असते, तर निदान डॉक्टरांकडे जाण्यास अवधी मिळाला असता.

'हर्बल' आणि 'काळी मेंदी'

'अमोनियामुक्त' याचा अर्थ पीपीडीमुक्त असा होत नाही. 'हर्बल' या शब्दावरूनही काही सिद्ध होत नाही. घटकांची यादी वाचावी. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा असतो, ती कधीही काळी रंगत नाही. जी मेंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करते, तिच्यात रासायनिक रंग मिसळलेला आहे असे समजावे. मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावून गडद रंग आणता येतो, परंतु त्यास काही तास लागतात. त्यांचीही चाचणी आधी घ्यावीच.

त्रास झाल्यास

प्रथम सौम्य शाम्पू व कोमट किंवा थंड पाण्याने डोके पुन्हापुन्हा धुऊन कलपाचा अंश काढून टाकावा. गरम पाणी वापरू नये. स्वच्छ कापड थंड पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. दिवसातून चार-पाच वेळा असे केल्याने खाज व सूज यांना उतार पडतो. त्वचा फुटलेली नसल्यास शुद्ध खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. लिंबू, व्हिनेगर, तुरटी, कापूर घातलेले तेल, बाम हे घरगुती प्रयोग चिघळलेल्या त्वचेवर मुळीच करू नयेत. कोरफडीच्या पानातील पिवळसर चीकही खाज वाढवतो.

खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. काही गोळ्यांनी झोप येते, तेव्हा वाहन चालवू नये. स्टिरॉइडचे मलम शेजाऱ्याच्या सल्ल्याने लावू नये, विशेषतः डोळ्यांभोवती. कलपाचे खोके डॉक्टरांना दाखवावे. कलप डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुऊन नेत्रतज्ज्ञ गाठावा.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे, आवाज बसणे, पू किंवा ताप येणे, यांपैकी काहीही झाल्यास घरी थांबू नये. आणखी एक गोष्ट ज्या घरी नातवंडे आहेत त्यांच्यासाठी: कलप पोटात गेल्यास घसा सुजून श्वास कोंडू शकतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तो औषधांप्रमाणेच कुलपात ठेवावा, आणि असा प्रसंग ओढवल्यास क्षणाचाही विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

शेवटी

माझी सूज उतरण्यास दहा दिवस लागले. त्यानंतर मी कलप सोडला. माझे थोरले बंधू अण्णा मात्र सांगलीच्या हळद बाजारातील आमच्या अडत पेढीवर रोज बसतात. "पेढीवर म्हातारा दिसून चालत नाही," हे त्यांचे जुने मत. माझी अवस्था पाहून गेल्यावर आठवड्याने ते घरी आले, थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलले आणि हळूच म्हणाले, "माझ्याही कानामागे दोन वर्षं खाज येतेय रे. मुलीच्या लग्नाच्या घाईत बोललो नाही." पॅच टेस्टमध्ये त्यांनाही पीपीडीची ॲलर्जी निघाली.

वहिनींनी त्याच दिवशी कपाटातील उरलेली खोकी टाकून दिली. तीन महिन्यांत अण्णांचे डोके पूर्ण पांढरे झाले. पहिल्या दिवशी ते टोपी घालूनच पेढीवर गेले. दुपारी उकाड्याने टोपी काढली. समोर बसलेल्या शेतकऱ्याने मान वर करून पाहिले आणि विचारले, "अण्णा, आज हळदीला दर काय निघाला?"

त्या दिवसापासून टोपी खुंटीवरच आहे.