हिमवादळांची नोंदवही

महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यास मुसळधार पाऊस म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या वादळांत पाण्याऐवजीं बर्फ कोसळतो, वाटा बुजून जातात आणि भर दुपारीं हातभर अंतरावरचें दिसत नाहीं, अशा वादळाची कल्पना त्यास सहसा नसते. उत्तर अमेरिकेंत अशीं वादळें दर हिवाळ्यांत येतात. एकेक वादळ शेंकडों मैल पसरलेलें असतें. तें कोणत्या वाटेनें गेलें व कोठें किती बर्फ टाकून गेलें, हें कोणाही एका मनुष्यास आपल्या खिडकींतून पाहून सांगतां येणार नाहीं. मग संपूर्ण हिवाळ्यांतील वादळांचा विश्वसनीय वृत्तांत तयार होतो तरी कसा? या प्रश्नाचें उत्तर बोधप्रद आहे. कारण त्या वृत्तांताचा मोठा भाग सामान्य माणसांनीं, विनावेतन, थोडाथोडा करून लिहिलेला असतो.

या कामाचें बीज जुनें आहे. इ. स. १७४३ मध्यें बेंजामिन फ्रँक्लिन हे फिलाडेल्फिया शहरीं चंद्रग्रहण पाहण्यास उत्सुक होते. परंतु ईशान्येकडून वारा सुटून वादळ झालें व आकाश झांकून गेलें. बोस्टन शहर तेथून ईशान्येस आहे. वारा तिकडून आला, तेव्हां वादळही बोस्टनला आधीं झालें असेल, असें त्यांस वाटलें. पुढें बोस्टनचीं वृत्तपत्रें व तेथील बंधूंचें पत्र आलें, तेव्हां कळलें कीं, तेथें ग्रहण दिसलें होतें आणि वादळ मागाहून सुरू झालें! म्हणजे वारा ईशान्येकडून वाहत असला, तरी वादळ स्वतः ईशान्येकडे सरकत होतें. एका ठिकाणच्या मनुष्यास जें कोडें वाटलें, तें दोन ठिकाणच्या नोंदी शेजारीं ठेवतांच सुटलें.

या कोड्याचें कारण आज ठाऊक आहे. हिवाळ्यांत कॅनडाच्या अंतर्भागांतून कोरडी व अतिशय थंड हवा दक्षिणेकडे उतरते. मेक्सिकोचें आखात व अटलांटिक महासागर यांवरून उबदार, दमट हवा येते. या दोहोंची गांठ पूर्व किनाऱ्याजवळ पडली म्हणजे कमी दाबाचें केंद्र निर्माण होऊन तें किनाऱ्याकिनाऱ्यानें ईशान्येकडे जातें. केंद्राभोंवतीं वारे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरत असल्यामुळें किनाऱ्यावरील गांवांस वारा ईशान्येकडून लागतो. केंद्राची वाट थोडी इकडेतिकडे झाली, तर एका शहरांत दोन फूट बर्फ पडतो आणि दुसऱ्यांत नुसता पाऊस. म्हणून मोजणारी माणसें जागोजाग असावीं लागतात.

वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेचे पहिले सचिव जोसेफ हेन्री यांनीं हें ओळखून स्वयंसेवक निरीक्षकांचें जाळें उभारलें. १८४९ अखेर सुमारें दीडशें लोक त्यांस नियमितपणें हवामान कळवीत होते. तारायंत्राच्या साहाय्यानें वादळाच्या आधींच त्याची बातमी पुढें धाडणें शक्य झालें, आणि १८७० सालीं सरकारनें हें काम सैन्याच्या संदेशखात्याकडे सोंपविलें.

तथापि बातमी असणें आणि ती वेळेवर पोंचणें यांत अंतर असतें. १२ जानेवारी १८८८ रोजीं नेब्रास्का व डकोटा या प्रांतांत हवा इतकी उबदार होती कीं, अनेक मुलें जाड कपडे न घालतांच शाळेस गेलीं. मग एकाएकीं वायव्येकडून हिमाचा लोट आला व थंडी प्राणघातक झाली. अंदाजें २३५ माणसें मृत्युमुखीं पडलीं; शाळेंतून घरीं निघालेलीं मुलें त्यांत बरींच होतीं. म्हणून त्यास ‘शाळकरी मुलांचें हिमवादळ’ असें नांव पडलें. त्या आपत्तींतून वांचलेले लोक वृद्धपणीं एकत्र आले आणि सर्वांच्या आठवणी जमवून त्यांनीं १९४७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आंकड्यांवरून वादळाचें माप कळतें; त्यानें किती घरें उजाड केलीं, हें अशा आठवणींवरून कळतें.

१८९० च्या कायद्यानें हवामानखातें मुलकी झालें व सहकारी निरीक्षकांची पद्धति कायम करण्यांत आली. ती आजतागायत चालू आहे. मापनाची रीत साधी, पण कडक आहे. वाऱ्यापासून सुरक्षित अशा मोकळ्या जागीं पांढरा रंग दिलेली फळी ठेवतात. तीवर सांचलेल्या बर्फाची उंची पट्टीनें इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात, मग फळी पुसून पुन्हां बर्फावर मांडतात. ती सहा तासांत एकदांपेक्षां अधिक वेळां पुसावयाची नाहीं. कारण ताजा बर्फ भुसभुशीत असतो व आपल्याच भारानें दबतो. दर तासास मोजून बेरीज केली, तर ती फुगते. वाऱ्यानें ढीग झाले असल्यास अनेक ठिकाणीं मोजून सरासरी घेतात. शिवाय पर्जन्यमापकांतील बर्फ वितळवून त्याचें पाणीही मोजतात. दहा इंच बर्फाचें एक इंच पाणी, असा ढोबळ हिशेब आहे. परंतु बर्फ ओलसर कीं कोरडा, यावर तो पुष्कळ बदलतो. छपरावर किती भार आला व वसंतांत नदीस किती पाणी येईल, हें नुसत्या उंचीवरून नव्हे, तर या पाण्यावरून ठरतें.

कोलोरॅडो राज्यांतील फोर्ट कॉलिन्स शहरीं २८ जुलै १९९७ रोजीं अतिवृष्टीनें पूर येऊन पांच जण बळी पडले. एकाच शहराच्या निरनिराळ्या भागांतील पावसांत विलक्षण तफावत होती. त्यावरून धडा घेऊन तेथील विद्यापीठांतील हवामानतज्ज्ञांनीं १९९८ सालीं पाऊस, गारा व बर्फ मोजणाऱ्या नागरिकांचें मंडळ स्थापिलें. आज त्यांत अमेरिका व कॅनडा येथील हजारों लोक सामील आहेत. त्यांचा एक नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे: ज्या दिवशीं कांहींच पडलें नाहीं, त्या दिवशीं शून्य लिहावें. रिकामी जागा म्हणजे कोणी पाहिलेंच नाहीं. शून्य म्हणजे पाहिलें, पण कांहीं नव्हतें. वादळाची कड कोठें संपली, हें या शून्यांमुळेंच आंखतां येतें.

अशा नोंदी एकत्र केल्या म्हणजे काय हातीं येतें, याचें उदाहरण २००९-१० च्या हिवाळ्याचें घ्यावें. डिसेंबरांत एक व फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत लागोपाठ दोन मोठीं वादळें आलीं. हिवाळ्याअखेर बेरीज केली, ती फिलाडेल्फिया येथें ७८.७ इंच, बाल्टिमोर येथें ७७ इंच व वॉशिंग्टन येथें ५६.१ इंच भरली. तिन्ही शहरांत तोंवर एवढ्या बर्फाची नोंद नव्हती. पण ‘तोंवर नव्हती’ हे शब्द उच्चारतां येतात, ते मागील पिढ्यांनीं वह्या ठेवल्या होत्या म्हणून.

नोंद झाली म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. जानेवारी २०१६ च्या वादळानंतर तज्ज्ञांच्या समितीनें मोजमापें पुन्हां तपासलीं. नेवार्क विमानतळावरील आंकडा तासातासाच्या मापांची बेरीज असल्यामुळें तो अग्राह्य ठरला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील २६.८ इंचांचा आंकडा कळविण्यांत चूक झाली होती, तो २७.५ करण्यांत आला, आणि १८६९ पासूनच्या तेथील नोंदींत तें वादळ पहिल्या क्रमांकाचें ठरलें. एक विक्रम नियमाबाहेर होता म्हणून सोडून द्यावा लागला, तर दुसरा तपासणीनें सिद्ध झाला.

आपल्या देशांतील हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याचा आधारही ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांजवळ रोज ठरल्या वेळीं उभे राहणारे लोकच आहेत. शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक व एक वही ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं. चार महिने, एकही दिवस न चुकवितां, शून्यासह खरा आंकडा लिहिणें मात्र अवघड आहे. विद्यार्थिमित्रांनीं येत्या पावसाळ्यांत तें करून पाहावें. त्या वहीचा उपयोग आपल्यामागून येणाऱ्यांस होईल.