हातांचा दाब आणि हवेचा दाब

कोकणातील एखाद्या बंदरावर गेल्यास लाकडी होड्यांच्या शेजारी ‘फायबर’च्या होड्या नांगरलेल्या दिसतात. ‘फायबर’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी रुळला आहे. परंतु होडी केवळ तंतूंची नसते. काचेचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारे रेझिन या दोहोंच्या संयोगातून ती घडते. अशा पदार्थास ‘संमिश्र पदार्थ’ म्हणतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. मातीत गवताचे काड कालवून भिंत लिंपणाऱ्यांना ती ठाऊक होती. काड ओढ सहन करते, तर माती त्याला जागेवर धरून ठेवते.

संमिश्र पदार्थातील कामाची वाटणी अशीच असते. भार मुख्यतः तंतू पेलतात. रेझिन तो भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचविते. म्हणून रेझिन हवे तेवढेच असावे लागते. ते अधिक झाले तर वजन वाढते, पण त्या प्रमाणात बळ वाढत नाही. ते कमी पडले तर तंतू कोरडे राहतात. थरांमध्ये हवेचे बुडबुडे अडकले, तर पुढे तेथूनच तडा जाण्याचा संभव असतो. तंतू पूर्ण भिजावेत, जादा रेझिन निघून जावे आणि हवा आत राहू नये, या तीन गोष्टी कारागिराला एकाच वेळी साधावयाच्या असतात. त्या साधण्याच्या दोन पद्धती आपण समजून घेऊ.

पहिली पद्धत हाताने थर देण्याची. कारखान्यात तिला ‘हँड ले-अप’ म्हणतात. साच्याला प्रथम मेण लावतात, म्हणजे तयार वस्तू सहज सुटते. मग रंगीत जेलकोटचा लेप देतात. त्यावर काचतंतूंचे कापड पसरून ब्रशने रेझिन लावतात आणि खाचा असलेला रोलर फिरवून हवा बाहेर काढतात. असे एकावर एक थर चढतात. या पद्धतीस भांडवल थोडे लागते आणि साचा कितीही मोठा चालतो. तथापि सारी मदार कारागिराच्या हातावर असते. विणलेल्या कापडाच्या कामात निष्णात कारागीरदेखील साधारणपणे १ किलो कापडाला जवळजवळ तेवढेच रेझिन वापरतो. तुकड्यांच्या तंतूंची चटई वापरल्यास तर रेझिन दुपटीहून अधिक लागते.

दुसरी पद्धत निर्वात पिशवीची. येथेही आरंभ हातानेच होतो. थर देऊन झाल्यावर, रेझिन ओले असतानाच, त्यावर ‘पील प्लाय’ नावाचे कापड पसरतात. हे कापड नंतर सोलून काढता येते. त्यावर बारीक छिद्रांची फिल्म आणि तिच्यावर जादा रेझिन शोषणारे जाड कापड घालतात. शेवटी सर्वांवर प्लॅस्टिकची पिशवी पसरून तिच्या कडा चिकट पट्टीने साच्याला घट्ट बंद करतात आणि पंपाने आतील हवा काढून घेतात.

पंप वस्तूला दाबत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. दाबण्याचे काम बाहेरचे वातावरण करते. समुद्रसपाटीला १ चौरस मीटर पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारे १० टन भाराइतका असतो. तो सर्व बाजूंनी सारखा असल्यामुळे एरवी जाणवत नाही. आतील हवा निघून गेली की हा दाब पिशवीवर एकसारखा पडतो. परिणामी थर घट्ट बसतात आणि जादा रेझिन शोषक कापडात जाते. १ किलो कापडाला सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम रेझिन पुरते. वस्तू हलकी होते आणि तिच्या बळात सर्वत्र सारखेपणा येतो.

कार्बनतंतूंच्या बाबतीत हा सारखेपणा विशेष मोलाचा ठरतो. काचतंतूंचे कापड नीट भिजले की पारदर्शक दिसू लागते. कोरडी जागा पांढरी राहते आणि डोळ्यांना लगेच कळते. कार्बनचे कापड मुळात काळेच असल्यामुळे तेथे डोळ्यांचा हा आधार फारसा उरत नाही. शिवाय महाग कार्बन वापरावयाचा तो वजन वाचविण्यासाठी. मग त्यावर रेझिनचे ओझे लादण्यात अर्थ नाही. १९८१ साली मॅक्लॅरेन कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीत कार्बनतंतूंचा सांगाडा असलेली मोटार उतरविली. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे तिला भीषण अपघात झाला. इंजिन तुटून वेगळे झाले, पण चालक जॉन वॉटसन सुखरूप बाहेर आले. असे भाग पिशवीत बंद करून ऑटोक्लेव्ह नावाच्या तापलेल्या दाबपात्रात ठेवतात. तेथे हवेच्या दाबात आणखी दाबाची भर पडते.

मात्र निर्वात पिशवी ही जादू नव्हे. पिशवीला सुईएवढे छिद्र पडले तरी दाब उतरतो. आतील कोपऱ्यात कापड ताणले गेल्यास खाली पोकळी राहते. दाब फार लवकर दिल्यास गरजेचे रेझिनही निघून जाते आणि उशीर झाल्यास ते घट्ट होऊन बसते. चुकीच्या दिशेने ठेवलेला तंतू कोणताही पंप सरळ करू शकत नाही.

पाण्याची लहान टाकी, आसन किंवा छताचा पत्रा यांसाठी हाताची पद्धत पुरेशी असते. परंतु लाकडी वा फोमच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी थर चढवावयाचे असतील, तर पिशवीचा दाब फार उपयोगी पडतो. गाभा आणि थर यांचा सांधा सर्वत्र सारखा चिकटला पाहिजे. भर समुद्रात तो सुटला, तर नौकेवरील माणसांच्या जिवावर बेतते.

पद्धत कोणतीही असो, हातमोजे, योग्य मुखवटा आणि खेळती हवा आवश्यक आहे. पॉलिएस्टर रेझिनचे कॅटालिस्ट आणि कोबाल्टयुक्त ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळू नयेत. त्यामुळे स्फोट होऊ शकतो.

या दोन पद्धतींना एकमेकींच्या प्रतिस्पर्धी मानणे योग्य होणार नाही. हवेचा दाब कारागिराच्या कामाला घट्टपणा देतो, परंतु ते काम मुळात नीट करणे हाताच्याच स्वाधीन असते.