हिशेब दाखवा, बाई!

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही एक डबा ठेवला होता. दर शनिवारी ज्याला जमेल त्याने त्यात रुपया-दोन रुपये टाकायचे आणि त्यातून वर्गासाठी काहीतरी आणायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर फुटबॉल आला, हवा भरायचा पंप आला. पोरं खूश!

मग एके दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, डब्यात एकूण किती जमले? खर्च किती झाला?"

मी वही उघडली. जमेची बाजू नीट लिहिलेली होती, पण खर्चाचा मेळ काही बसेना. सतरा रुपये कमी! ते कशाला गेले, मला आठवेना. माझे कान तापले. खरं सांगते, क्षणभर रागही आला. बाईंना हिशेब विचारते! पण तिचं काही चुकलं होतं का? मुळीच नाही. पैसे माझे नव्हतेच, सगळ्यांचे होते.

तेवढ्यात दुसरी म्हणाली, "आम्ही फुटबॉल खेळतच नाही, मग आमच्या पैशांचा फुटबॉल का?" मुलं ओरडली, "सगळ्यात जास्त पैसे आम्हीच टाकलेत!" तिसरा म्हणाला, "तुमच्या चेंडूने बागेतल्या कुंड्या फुटतात, त्या कोण भरून देणार?"

झालं! वर्गाचा बाजार झाला. पण मुलांनो, अगदी हाच तंटा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. तिथला डबा मात्र फार मोठा आहे, आणि फुटबॉलच्या जागी आहेत धुरळा उडवत पळणाऱ्या गाड्या.

रस्ता सोडून धावणाऱ्या गाड्या

जाड खाचांच्या टायरांची डर्ट बाइक, चार चाकांची एटीव्ही, वाळूवर उड्या मारणारी बग्गी, दगडगोट्यांवरून चढणारी जीप... या गाड्या डांबरी रस्त्यासाठी नसतातच. डोंगर, वाळवंट, वाळूच्या टेकड्या यांतून त्या पळवायच्या हा तिथे हजारो कुटुंबांचा आवडता खेळ आहे. आईबाबा, मुलं, आजोबासुद्धा तंबू ठोकून सुट्टी घालवतात. मजा असते, यात शंका नाही.

पण वाळवंट दिसतं तसं दणकट नसतं बरं का! दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जनरल पॅटन यांच्या रणगाड्यांनी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात सराव केला. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही काही ठिकाणी जमिनीवर दिसतात. जिथे पाऊस इतका कमी, तिथे मोडलेली माती पुन्हा जुळून यायला माणसाचं आयुष्यही पुरत नाही. याच मातीत बीळ करून वाळवंटी कासव राहतं. ते कॅलिफोर्नियाचं राज्य-सरीसृप आहे, आणि १९९० पासून अमेरिकी सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. बिळावरून चाक गेलं तर?

म्हणून १९७१ साली कायदा झाला. तो दोन आमदारांच्या नावाने ओळखला जातो, यूजीन चॅपी आणि एडविन झबर्ग. एक रिपब्लिकन पक्षाचा, दुसरा डेमोक्रॅटिक पक्षाचा. कायद्याचं म्हणणं साधं होतं. गाड्या पळवायच्या तर नोंदणी करा, आणि ठरवून दिलेल्या जागीच पळवा. त्या जागा सांभाळायला लागणारा पैसाही या खेळातूनच उभा राहील.

पैसा येतो कुठून?

आता इथे नीट लक्ष द्या, कारण गंमत इथेच आहे.

पेट्रोलवर कर असतो, हे तुम्हाला घरी विचारलंत तर कळेल. तिथे त्या कराचा मोठा वाटा रस्ते बांधायला जातो. पण जी गाडी रस्त्यावर चाललीच नाही, तिच्या पेट्रोलवरचा कर रस्त्याला कशाला? म्हणून आडवाटेवर जाळलेल्या पेट्रोलच्या कराचा वाटा वेगळ्या निधीत टाकतात. त्यात गाडीच्या नोंदणीची फी येते आणि खास मैदानांत शिरण्याची फीसुद्धा. असा डबा भरतो.

पण आडवाटेवर किती पेट्रोल जळलं, हे कोण मोजणार? वाळवंटात मीटर थोडाच बसवलाय! पाहण्या करून अंदाज काढावा लागतो. शिवाय कच्च्या रस्त्याने मासे पकडायला किंवा डोंगर चढायला साध्या गाडीतून जाणारी माणसंही तेच पेट्रोल जाळतात. मग डबा फक्त शर्यतवाल्यांचा की या सगळ्यांचा? आमच्या वर्गासारखंच झालं की नाही!

डब्यावर नजर कुणाची?

१९८२ साली कॅलिफोर्नियाने या कामासाठी राज्य उद्यान खात्यात एक स्वतंत्र विभाग काढला आणि त्याच्या जोडीला एक आयोग नेमला. या आयोगात आता नऊ जागा आहेत. पाच माणसं राज्यपाल नेमतात, बाकीची चार विधिमंडळाची दोन सभागृहं. कायदा सांगतो की सगळे सदस्य एकाच मताचे नकोत. गाड्या पळवणारे हवेत, निसर्ग जपणारे हवेत, माती नि प्राण्यांचे अभ्यासक हवेत, गावाकडचे जमीनमालक हवेत, पोलिसी कामाचे जाणकारही हवेत.

आयोगाची सभा बंद दाराआड होत नाही. विषयपत्रिका दहा दिवस आधी जाहीर करावी लागते, आणि सभेत कुणीही सामान्य माणूस उभा राहून बोलू शकतो. खेळाडू बोलतो, शेजारची आजी बोलते, शाळकरी पोरगंसुद्धा बोलू शकतं.

या निधीतून जिल्ह्यांना, वनखात्याला, पोलिसांना, संस्थांना अनुदान मिळतं. त्याची वाटणी २००७ च्या कायद्याने ठरवून दिली आहे. १०० डॉलर असतील तर ५० वाटा आणि मैदानं सांभाळायला, २५ बिघडलेली जमीन पुन्हा दुरुस्त करायला, २० नियम मोडणाऱ्यांना आवरायला आणि ५ शिक्षण व सुरक्षिततेला. पाहिलंत? 'कुंड्या कोण भरून देणार' याचं उत्तर तिथे कायद्यातच लिहिलंय!

अनुदान मागणाऱ्यांचे अर्ज आधी कच्च्या स्वरूपात सगळ्यांपुढे ठेवतात. लोक ते वाचतात, चुका दाखवतात, "इथे आमच्या ओढ्यात माती येते" असं लेखी कळवतात. त्यानंतरच पक्का अर्ज जातो.

पूर्वी अनुदान मंजूर करायचं काम आयोगच करी. २००७ च्या कायद्यानंतर ते विभागाकडे गेलं आणि आयोगाकडे पाहणी व सल्ला राहिला. म्हणजे पैसे देणारा एक आणि पाहणारा दुसरा. मॉनिटरने पट्टी ठेवायची आणि मोजणी दुसऱ्याने करायची, तसंच हे.

एवढं असूनही चुका होतातच. २००५ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी या कार्यक्रमाची तपासणी केली. विभाग आणि आयोग यांचं एकच असं ध्येय ठरलेलं नाही आणि काही खर्च शंकास्पद आहे, असं त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं. तो अहवाल कपाटात लपवला नाही. कुणालाही वाचता येतो.

टेस्ला नावाची दरी

'टेस्ला' म्हटलं की तुम्हाला विजेवरची मोटार आठवेल. पण लिव्हरमोर आणि ट्रेसी या गावांमधल्या डोंगरांत टेस्ला नावाचं कोळसा-खाणीचं गाव होतं. शास्त्रज्ञ निकोला टेस्ला यांच्यावरूनच त्याला नाव मिळालं. गाव कधीच ओस पडलं. शेजारीच 'कार्नेगी' हे गाड्यांचं सरकारी मैदान आहे.

ते मैदान वाढवायला १९९०च्या दशकात याच निधीतून सुमारे ९० लाख डॉलर देऊन ३,१०० एकर जागा घेतली. पण तिथे दुर्मिळ झाडं-प्राणी, सोनेरी गरुड आणि मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या खुणा होत्या. आसपासचे लोक म्हणाले, ही जागा नको. गाड्यावाले म्हणाले, आमच्या पैशाने घेतलीय. सभा झाल्या, खटले झाले, वीसहून अधिक वर्षं गेली. शेवटी २०२१ साली कायदा झाला की या जागेत गाड्या पळवायच्या नाहीत, तिचं साधं उद्यान करायचं. आणि मुलांनो, त्याच वेळी गाड्यांच्या निधीला २ कोटी ९८ लाख डॉलर परत द्यायचंही ठरलं. जागा सगळ्यांची झाली, पण डब्यातला पैसा गिळला नाही!

वाळूतलं घरटं

सगळेच तंटे असे मिटत नाहीत. पॅसिफिक समुद्रकाठी ओशियानो ड्यून्स नावाचं वाळूच्या टेकड्यांचं मैदान आहे. तिथे स्नोई प्लोव्हर नावाचा चिमणीएवढा पक्षी उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. विणीच्या दिवसांत त्या भागाला कुंपण घालतात. शिवाय वाऱ्याबरोबर तिथली बारीक धूळ शेजारच्या वस्तीत जाते, तिथली माणसं श्वासाच्या त्रासाची तक्रार करतात. किनारा-रक्षण आयोगाने मार्च २०२१ मध्ये ठरवलं की तीन वर्षांत इथला गाड्यांचा खेळ बंद करायचा. खेळाडूंच्या संघटना कोर्टात गेल्या. २०२३ साली कोर्टाने तो निर्णय रद्द केला. मग पक्ष्याचं काय? आजींच्या खोकल्याचं काय? आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे येणाऱ्या कुटुंबांचं काय? विचार करून पाहा. मला स्वतःला धूळ खाणाऱ्या आजींची बाजू जड वाटते. पण कायद्याने दिलेली जागा कायद्याच्या रीतीनेच काढून घ्यावी, हेही मला पटतं.

पालकांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेला आलेलं अनुदान कुठे गेलं, हे पाहणं हे समितीचंच काम. सभेची सूचना आली की "बाई बघतील" म्हणून घरी बसू नका. माहितीचा अधिकारही २००५ पासून आपल्या हाती आहे. तो वापरणं म्हणजे कुणावर चोरीचा आळ घेणं नव्हे.

आता आमच्या सतरा रुपयांचं सांगते. शोधून शोधून काही सापडेना, तेव्हा मी ते माझ्या पर्समधून डब्यात टाकले आणि वहीत तसंच लिहिलं : 'बाई हिशेब ठेवायला चुकल्या, म्हणून भरले.' खाली सही केली. आता वही भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. दर शनिवारी पाळीपाळीने दोघं ती वाचून दाखवतात, त्यातला एक फुटबॉल खेळणारा आणि एक न खेळणारा. आणि हो, यंदाच्या पैशांतून पहिल्यांदा तीन कुंड्या आल्या!

तुमच्या वर्गात असा डबा आहे का? मग उद्याच उभे राहा आणि नम्रपणे विचारा, "बाई, हिशेब दाखवता?" बाईंचे कान तापले तर घाबरू नका. थोड्या वेळाने थंड होतात. माझे झाले होते!