कुंकवाच्या डबीपासून शाम्पूच्या बाटलीपर्यंत

भारतातून परतताना आपल्या बॅगेत भाजणी, मेतकूट, लोणच्याबरोबर कुंकू-सिंदुराची आणि काजळाची डबी असतेच. एअरपोर्टवर लोणच्याची चौकशी होते, डबीकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते आपणच द्यायला हवं.

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासले. त्यांपैकी ९५ न्यू जर्सीतल्या दुकानांतले, बाकीचे मुंबई आणि दिल्लीतले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यू जर्सीच्या ८३ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे किमान एक मायक्रोग्रॅम शिसं निघालं. कपाळापेक्षा काळजी बोटांची. त्याच बोटांनी आपण बाळाला भरवतो, आणि लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. काजळ-सुरम्यातल्या शिशाबद्दलही अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सावध करतं. तेव्हा बाळाच्या डोळ्यांत काजळ नको. आजीला दृष्टीची काळजी असेल, तर मीठ-मोहऱ्या आहेतच! आजवर वापर झाला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून बाळाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.

हे झालं बॅगेतलं. आता बाथरूममध्ये डोकावू. कॅलिफोर्नियातल्या सलिनास भागात १०० किशोरवयीन मुलींनी फक्त तीन दिवस नेहमीचे शाम्पू, लोशन, मेकअप बाजूला ठेवून पॅराबेन, थॅलेट, ट्रायक्लोसॅन नसलेली उत्पादनं वापरली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या लघवीतलं मिथाइल पॅराबेन ४४ टक्क्यांनी, तर ट्रायक्लोसॅन ३६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे यातली काही रसायनं शरीर लवकर बाहेर टाकतं, पण आपण रोज नव्याने भर घालतो.

मग करायचं काय? सगळं एकदम फेकू नका. बाटली संपली की पुढची घेताना लेबल वाचा. ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दामागे अनेक रसायनं असू शकतात, त्यांची नावं छापण्याची सक्ती नाही. ‘अनसेंटेड’वर भुलू नका, त्यात वास झाकणारी रसायनं असू शकतात. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधा. ‘नॅचरल’, ‘हर्बल’ हे शब्द कसलीही हमी देत नाहीत. आणि अंगभर लागणारं, दिवसभर अंगावर राहणारं लोशन आधी बदला. धुऊन जाणाऱ्या साबणाचा नंबर नंतर.

आणि हो, यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सुगंधी लोशनचे सेट लुटण्यापेक्षा आपली स्टीलची वाटीच बरी. तिचं लेबल वाचावं लागत नाही!