संकेतस्थळाचा एडिटर : बटने किती ठेवावीत?

कार्यालयाच्या संकेतस्थळावर परिपत्रके चढविणारा कर्मचारी बहुधा संगणकशास्त्राचा पदवीधर नसतो. शाखेकडून आलेला मजकूर वर्डमधून उचलावा, एडिटरच्या चौकटीत चिकटवावा, शीर्षकाची ओळ ठळक करावी आणि मजकूर जतन करावा, एवढाच त्याचा या विषयाशी संबंध. पडद्यावर सारे ठाकठीक दिसते. परंतु एखादी अंध व्यक्ती तेच परिपत्रक स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकू लागली, की अडचण उभी राहते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यास एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जाता येते. मात्र नुसती ठळक केलेली ओळ म्हणजे त्याच्या लेखी शीर्षक नव्हे. मग अर्जाची अंतिम तारीख शोधण्यासाठी सगळे परिपत्रक आरंभापासून ऐकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

येथे कर्मचाऱ्यास दोष देऊन भागणार नाही. त्याच्यासमोर कोणती बटने ठेवावयाची, हे व्यवस्थापकाने आधी ठरविणे अगत्याचे आहे.

ड्रुपल या विनामूल्य सॉफ्टवेअरचेच उदाहरण घेऊ. २०१५ साली निघालेल्या आठव्या आवृत्तीपासून त्यात सीकेएडिटर हा एडिटर अंगभूत आहे. व्यवस्थापकास 'टेक्स्ट फॉरमॅट्स अँड एडिटर्स' या पानावर दोन पट्ट्या दिसतात. एकीत उपलब्ध बटने, तर दुसरीत प्रत्यक्ष वापरात आणलेली. नको ते बटन माऊसने ओढून बाहेर काढता येते. पानाचे मुख्य शीर्षक प्रणाली स्वतःच देत असल्याने आतील मजकुरासाठी दुसऱ्या व तिसऱ्या पातळीची शीर्षके, याद्या, दुवा, तक्ता आणि चित्र एवढी साधने साधारणपणे पुरेशी होतात. चित्रासोबत त्याचे शब्दांतील वर्णन देणे सक्तीचे करावे.

बटन काढले म्हणजे काम संपले, असा मात्र समज होऊ नये. वर्डमधून चिकटविलेल्या मजकुराबरोबर रंग व अक्षरांचे आकारही येऊ शकतात. त्यासाठी कोणत्या एचटीएमएल खुणा चालतील, याची मर्यादा त्याच पानावर घालावी लागते. कोणत्या भूमिकेच्या व्यक्तीस कोणता फॉरमॅट वापरता येईल, हेही तेथेच ठरते. सर्व खुणांना मुभा देणारा 'फुल एचटीएमएल' सर्वांच्या हाती देणे धोक्याचेच.

एक सावधगिरी येथे सांगणे भाग आहे. २०२२ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत सीकेएडिटरची पाचवी पिढी आहे. तिला ठाऊक नसलेल्या खुणा असलेले जुने पान उघडून जतन केल्यास त्या खुणा नाहीशा होतात. तक्त्याचे बटन काटकसरीने काढून टाकले, तर रास्त भाव दुकानांच्या जुन्या यादीतील रकाने मोडून नावे सलग पसरण्याची भीती असते. म्हणून असा बदल प्रथम संकेतस्थळाच्या प्रतीवर करून पाहावा.

भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली आणि २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. दिव्यांगांना मजकूर सुलभपणे वाचता यावा, ही अपेक्षा त्यांत आहे.

मराठी मजकुराची एक अडचण तर कोणत्याही बटनाने सुटणारी नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर एडिटरमध्ये चिकटविला, की रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो आणि स्क्रीन रीडरही तोच उच्चारतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात.