विश्लेषण : ई-स्कूटरची बॅटरी चाचणीत ‘उत्तीर्ण’ झाली, म्हणजे नेमके काय झाले?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका ई-स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्याच उन्हाळ्यात इतर राज्यांतही अशा घटना घडल्या, काही ठिकाणी माणसे दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरी चाचणीचे नियम कडक केले. या चाचण्यांत काय तपासले जाते आणि प्रमाणपत्र कशाची हमी देते, याचा आढावा.

सेलची कामगिरी कशी मोजतात?

प्रयोगशाळेत लिथियम-आयन सेल ठरावीक तापमानाला ठेवून नियंत्रित विद्युतप्रवाहाने पूर्ण चार्ज आणि डिस्चार्ज केला जातो. त्यातून बाहेर पडलेला भार म्हणजे त्याची क्षमता. ती अँपिअर-तासांत मोजतात. हेच चक्र शेकडो वेळा चालवले जाते. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर उतरली की वाहनासाठी सेलचे आयुष्य संपले, असे साधारणपणे धरतात. सेलचा अंतर्गत रोधही मोजला जातो. रोध वाढला की तोच प्रवाह देताना सेल अधिक तापतो. म्हणजे कामगिरीची चाचणी सुरक्षेबद्दलही काही सांगते.

सुरक्षेच्या चाचण्यांत सेलचे काय करतात?

लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी जगभर संयुक्त राष्ट्रांची ‘यूएन ३८.३’ ही चाचणीमालिका लागू आहे. तीत विमानप्रवासातल्यासारखा हवेचा कमी दाब, ७२ अंश सेल्सियस ते उणे ४० अंश असे तापमानाचे हेलकावे, कंपने आणि धक्के यांना सेलला तोंड द्यावे लागते. त्यानंतर ५७ अंशांना सेलची दोन्ही टोके जोडून मुद्दाम शॉर्टसर्किट केले जाते. गोल सेलवर आडवी सळई ठेवून ९.१ किलोचे वजन ६१ सेंटिमीटरवरून पाडले जाते. शॉर्टसर्किट आणि आघाताच्या चाचण्यांत सेलचे तापमान १७० अंशांच्या वर जाता कामा नये आणि चाचणीनंतर सहा तासांत तो फुटता वा पेटता कामा नये, अशी अट आहे.

‘थर्मल रनअवे’ म्हणजे काय?

सेलमध्ये धन आणि ऋण अग्रांच्या मध्ये केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. त्याला सेपरेटर म्हणतात. सेल साधारण शंभर अंशांच्या आसपास तापला की ऋण अग्रावरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. पॉलिथिलिनचा सेपरेटर सुमारे १३० अंशांना वितळतो. तो फाटला की दोन्ही अग्रे एकमेकांना भिडतात. उष्णता बाहेर पडण्यापेक्षा आत वेगाने तयार होऊ लागली की ही साखळी आपोआप पुढे जाते. काही प्रकारच्या सेलमध्ये तापलेल्या धन अग्रातून ऑक्सिजनही सुटतो, म्हणून अशी आग विझवणे कठीण जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन तुलनेने स्थिर आहे, मात्र तेही पूर्णपणे धोकामुक्त नाही.

२०२२ नंतर भारतात काय बदलले?

विद्युत दुचाकी-तीनचाकींसाठीचे ‘एआयएस-१५६’ हे मानक सुधारण्यात आले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशा चाचण्या करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक. सर्वात महत्त्वाची भर म्हणजे ‘थर्मल प्रोपगेशन’ची चाचणी. पॅकमधील एक सेल मुद्दाम थर्मल रनअवेत ढकलला जातो आणि त्यातून पॅकला आग लागते का किंवा स्फोट होतो का, हे पाहिले जाते. एखादा सेल बिघडू शकतो, हे या चाचणीने गृहीतच धरले आहे.

मग प्रमाणपत्र असूनही धोका का उरतो?

कारण सेलचा नाश करणारी चाचणी मोजक्या नमुन्यांवरच करता येते. तिच्यातून रचना योग्य आहे का ते कळते. कारखान्यातून निघालेला प्रत्येक सेल तसाच आहे, हे कळत नाही. समजा, तीन किलोवॉट-तासांच्या पॅकमध्ये सुमारे ३०० सेल आहेत आणि दहा लाखांत एकच सेल सदोष निघतो. तरी एक लाख स्कूटरमध्ये तीन कोटी सेल, म्हणजे सुमारे ३० सदोष सेल रस्त्यावर येतील.

२०१६ मध्ये ‘सॅमसंग’ला ‘गॅलेक्सी नोट ७’ हा फोन बाजारातून मागे घ्यावा लागला, तो अशाच दोषांमुळे. एका पुरवठादाराच्या बॅटरीत ऋण अग्राचा कोपरा दुमडला गेला होता, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते, असे कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केले. अशा चुका शोधण्यासाठी कारखान्यात पहिल्या चार्जनंतर सेल काही दिवस ठेवून देतात आणि त्याचा व्होल्टेज आपोआप किती उतरतो ते मोजतात. एक्स-रे तपासणीही करतात. ही तपासणी प्रत्येक सेलवर करता येते, पण तिला वेळ आणि जागा लागते. खर्च वाचवताना कात्री लागण्याचा धोका असतो तो इथेच.

ग्राहकाने काय लक्षात घ्यावे?

प्रमाणपत्र विशिष्ट सेल, विशिष्ट पॅक आणि तो नियंत्रित करणारी यंत्रणा यांना मिळून दिलेले असते. जुने सेल जोडून बनवलेला स्वस्त पॅक बसवला की ते लागू राहत नाही. चार्जर कंपनीने दिलेलाच वापरावा आणि बॅटरी फुगली, वास येऊ लागला किंवा पाण्यात बुडाली तर ती चार्ज करू नये. प्रयोगशाळेत बॅटरी नवी असते. पाच पावसाळे आणि रोजचे खड्डे सोसल्यानंतर तिची तीच परीक्षा पुन्हा कोणी घेत नाही.